कूलर बंद करून पाहिलेला शेवट

'सैराट'च्या शेवटी आवाज नाही. लहानगं पोर दारातून आत येतं, आत काय आहे ते पाहतं, रडत बाहेर वळतं आणि त्याच्यामागे त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. ते रडतंय हे आपल्याला दिसतं, पण ऐकू काहीच येत नाही. २९ एप्रिल २०१६ ला सिनेमा लागला तेव्हा भरलेल्या थिएटरांत त्या शांततेनं माणसं जागच्या जागी बसून राहिली होती.

आता तोच शेवट मे महिन्यात जळगावच्या किंवा धुळ्याच्या घरात पाहा. बाहेर दिवसभर चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री तापलेल्या भिंती, खिडकीत फुल स्पीडवर पत्र्याचा कूलर. टीव्हीतून आवाज येणं थांबतं आणि त्या जागी कूलरची घरघर भरते. दिग्दर्शकानं राखून ठेवलेली शांतता खोलीत पोचतच नाही. मग दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर मत येतं, "शेवट उगाच घाईत उरकला, काही जाणवलं नाही." ज्याला जाणवलं नाही तो खोटं बोलत नसतो. पण ते मत निम्मं सिनेमाबद्दल असतं आणि निम्मं कूलरबद्दल.

घरी पाहिलेल्या सिनेमाविषयी बोलताना हे दोन भाग वेगळे काढता यायला हवेत, असं मला कळकळीनं वाटतं. सिनेमा काय होता, आणि आपल्या खोलीनं, टीव्हीनं, नेटनं त्याचं काय केलं. हल्ली आपण बहुतेक सिनेमे घरीच पाहतो, मतंही घरूनच देतो, आणि त्या मतांवर शेजारचे, नात्यातले लोक सिनेमा पाहायचा की नाही ते ठरवतात. एका वाईट प्रतीमुळं चांगला सिनेमा दहा घरांत बाद होतो.

कूलरचंच आधी बघू, कारण खान्देशात मार्च ते जून तोच सिनेमाचा सर्वांत मोठा शत्रू आहे आणि त्याच्याशिवाय बसणंही शक्य नाही. सिनेमा नऊला लावायचा असेल तर कूलर आठलाच सुरू करावा. पहिली पाच-दहा मिनिटं नुसता पंप चालवून ताट्या पूर्ण भिजू द्याव्यात, मग पंखा फुल स्पीडवर. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटं तरी उघडं हवं. हवेला बाहेर पडायला वाट नसली की खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि अर्ध्या तासात सगळे चुळबुळू लागतात. सिनेमा सुरू होताना स्पीड सर्वांत कमी करायचा. टाकी आधीच भरून ठेवायची, कारण पाणी तळाला गेलं की पंप हवा ओढतो आणि तो गुरगुर आवाज नेमका हळू बोलण्याच्या प्रसंगांत कानात शिरतो. पत्र्याची बॉडी खडखडत असेल तर पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालावेत, जाळीचे स्क्रू आवळावेत आणि पात्यांवर चढलेली धूळ नि क्षार खरवडून काढावेत. एवढ्यानं खडखड बरीच कमी होते, वाऱ्याचा आवाज तेवढा उरतो. शेवटची पंधरा-वीस मिनिटं कूलर सरळ बंद करावा. तळमजल्यावरची खोली तेवढा वेळ सहज तग धरते. वर स्लॅब असलेली खोली लवकर तापते, तिथं शेवटची दहा मिनिटं तरी बंद ठेवावा.

आवाज वाढवून हे काम होत नाही. वाढवलं की मारामारी, गाणी आणि जाहिराती घर डोक्यावर घेतात, कुजबुज मात्र घरघरीतच राहते. त्याचं कारण पुष्कळदा कूलरच्याही आधीचं असतं. आजचे सिनेमे पाच अधिक एक अशा सहा वाटांच्या आवाजात मिसळलेले असतात आणि त्यातले संवाद बहुतांशी मधल्या वाटेतून येतात. आपल्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. सहाचं दोनात उतरताना संवाद संगीतात बुडतात. ॲपमध्ये आवाजाची भाषा निवडतो तिथंच बऱ्याचदा पाच-एक आणि साधा स्टिरिओ असे दोन पर्याय असतात. नुसता टीव्ही असेल तर स्टिरिओच घ्यावा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पष्ट संवादाचा मोड असतो, तो लावावा आणि 'सराउंड'चा खोटा परिणाम बंद करावा, कारण तो बोलणं आणखी पसरट करतो. टीव्ही भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला असेल तर आवाज घुमतो. तो कोनाड्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला तरी फरक पडतो. साउंडबार घेणार असाल तर मधला वेगळा स्पीकर असलेला घ्यावा. नुसता बास वाढवणारा घेतला तर गाण्याला मजा येते आणि संवाद आहे तिथंच राहतात.

हे सगळं कशासाठी, ते 'द डिसायपल' पाहताना नीट कळतं. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी सिनेमा एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळालेला होता. त्यातला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलवर जात असतो, गती संथ केलेली, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांच्या व्याख्यानाचा आवाज आणि त्याच्याखाली तानपुरा. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. हे प्रसंग पुन्हापुन्हा येतात, आणि शरदचं वय वाढतं तसा त्याच शब्दांचा अर्थ त्याच्यासाठी जड होत जातो. सिनेमाचा कणा तिथं आहे. पण तानपुऱ्याचा सलग षड्ज आणि कूलरची सलग घरघर एकत्र आली की कान दोन्हींना एकच समजून सोडून देतो. फोनच्या स्पीकरवर तर खर्जाचा भरीवपणा येतच नाही. उरतो तो गाडीवर बसलेला माणूस आणि एक उपदेश. मग "तेच तेच दाखवलंय" हे मत येतं. माझा आग्रह आहे की हा सिनेमा हेडफोन लावून पाहावा. दोघांनी मिळून पाहायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत पाहावा, तेव्हा खान्देशात रात्री पंखासुद्धा लागत नाही.

त्याच प्रसंगांत चित्राचीही परीक्षा होते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेला असतो. नवे टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये स्वतःची बनवलेली चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करतात, त्यामुळं उत्तम सिनेमाही रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. कलाकारांचा अभिनय खोटा वाटतो, सेट सेटसारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझनं खास व्हिडिओ करून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. सोनीच्या टीव्हीत त्याला 'मोशनफ्लो' म्हणतात, एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी'. नाव कुठलंही असो, सिनेमासाठी ते बंद करायचं. पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यांपैकी जो असेल तो, रंगाची छटा 'वॉर्म', नॉइज रिडक्शन बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, खोलीतल्या उजेडाप्रमाणं आपोआप मंद होणारी वीजबचतही बंद. पहिले दोन-तीन दिवस सगळं पिवळट वाटेल. दुकानात झगझगीत निळसर पांढऱ्यावर मांडलेला टीव्ही डोळ्यांत बसलेला असतो, म्हणून तसं वाटतं. डोळे सरावले की जुना मोड परत लावून बघा, माणसांचे चेहरे निळे पडलेले दिसतील.

यात एक चूक हमखास होते. सेटिंग डीटीएचच्या चॅनेलवर बदललं जातं आणि सिनेमा ॲपवर पाहिला जातो. अनेक टीव्हींत प्रत्येक जोडणीचं आणि ॲपचं सेटिंग वेगळं साठवलं जातं. एचडीआर सिनेमा लागला की त्याचं आणखी तिसरं. म्हणून ॲपमध्ये सिनेमा चालू करून, मध्येच थांबवून, तिथल्या तिथं मेन्यू उघडून हे बदलावं.

नॉइज रिडक्शन बंद करण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. जुना सिनेमा फिल्मवर घेतलेला असतो आणि फिल्मला कण असतात. 'मंथन' १९७६ चा, पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला. त्याची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली. त्यात स्मिता पाटील आहे. तिच्या घराण्याचं गाव शिरपूर, त्यामुळं धुळे जिल्ह्यात ती अजून आपल्या घरातली वाटते. तिनं केलेल्या बिंदूच्या चेहऱ्यावरचा घाम, उन्हानं रापलेली कातडी, डोळ्यांखालची सावली हे सगळं त्या कणांनी बनलेलं आहे. टीव्ही कणांना कचरा समजून पुसतो आणि बिंदूचा चेहरा मेणाचा होतो. अभिनय तोच राहतो, फक्त त्याच्यावर साय धरते.

जुन्या सिनेमांचा दुसरा घात पडद्याच्या आकारानं होतो. 'संत तुकाराम' १९३६ चा, 'श्यामची आई' १९५३ चा. तेव्हाचं चित्र जवळजवळ चौकोनी होतं, आजचा टीव्ही आडवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि ते घरात कुणालातरी खुपतातच. मग रिमोटवरून 'फुल' दाबलं जातं. चित्र ताणलं जातं आणि माणसं तिसऱ्या हिश्शानं जाड होतात. 'झूम' केलं तर वरून-खालून मिळून उंचीचा चौथा भाग कापला जातो. कपाळ, पागोटी, पाय, जमिनीवर मांडलेला संसार, सगळं बाहेर. याउलट हल्लीचे बरेच सिनेमे टीव्हीहूनही आडवे असतात. ४३ इंची टीव्हीवर त्यांचं चित्र ९५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच दिसतं, वर-खाली सात-सात सेंटिमीटर काळं. ते काळं राहू द्यावं. पैसे टीव्हीचे भरले म्हणून चित्रानं टीव्ही भरलाच पाहिजे असं नाही. चित्र लहान वाटत असेल तर खुर्ची पुढे घ्यावी. ४३ इंचीला साधारण सहा फूट, ५५ इंचीला साडेसात फूट अंतर पुरतं. आपल्याकडं दिवाण समोरच्या भिंतीला टेकवायची पद्धत असल्यानं हे अंतर बारा-चौदा फुटांवर जातं, आणि तेवढ्या लांबून थिएटरसाठी घेतलेले दूरचे शॉट्स नुसते ठिपके होतात.

नेटचं गणित सरळ आहे. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणं एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. पावणेतीन तासांच्या सिनेमाला आठ जीबी. रोजचे दीड-दोन जीबी मिळणाऱ्या सिमवरून हॉटस्पॉट घेऊन टीव्हीला लावला तर ॲप गुपचूप चित्राचा दर्जा खाली आणतं, आणि घसरलेला दर्जा पहिल्यांदा अंधारात उघडा पडतो. काळ्या आभाळात चौकोन तरंगताना दिसले की समजावं, छायाचित्रणाबद्दल आज काही बोलण्यात अर्थ नाही. वायफाय जिथं असेल तिथं सिनेमा आधी डाउनलोड करून घ्यावा. त्यात लाइट गेली तरी नेट शोधावं लागत नाही. राउटर आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर फारच बरं. दोघांना मिळून शंभर-सव्वाशे वॉटच लागतात, आणि पहिल्या तासानंतर वीज गेल्यानं तुटलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी त्याच मनःस्थितीत जोडता येत नाही. थांबावंच लागलं तर मध्यंतराच्या जागी थांबावं. ॲपवर 'मध्यंतर'ची पाटी नसते, पण आपल्याकडच्या बहुतेक सिनेमांची पटकथा ती जागा धरूनच लिहिलेली असते. 'सैराट'मध्ये गाव मागे टाकून ती दोघं हैदराबादला जातात, तिथून सिनेमाचा श्वासच बदलतो.

गच्चीवर पडदा लावून पाहण्याची हौस अलीकडं वाढली आहे आणि ती चांगली आहे, कारण उन्हाळ्यात माणसं तशीही गच्चीवरच झोपतात आणि तिथं कूलर नसतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, पूर्ण काळोखाला आठ वाजतात, त्याआधी प्रोजेक्टर लावून उपयोग नाही. एकेरी चादरीतून निम्मा उजेड पलीकडं जातो. दुहेरी घ्यावी, खालची कड काठीला बांधून काठी विटांनी दाबावी, नाहीतर वाऱ्यानं चेहरे हलतात. चुना दिलेली पांढरी भिंत असेल तर चादरीपेक्षा तीच बरी. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागून येतो, म्हणून साधी वायर वापरावी.

टीव्हीसमोर ट्यूबलाइट कधीच नको. 'कोर्ट' हा ताम्हाणे यांचाच २०१४ चा सिनेमा. त्याच्या अखेरीकडं न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, खोलीतले दिवे बंद होतात. कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. अंधार राहतो, बराच वेळ राहतो. घरी नेमकं इथं दोन गोष्टी घडतात. काळ्या काचेत ट्यूबलाइट, देव्हारा आणि दिवाणावर बसलेली आपली माणसं दिसू लागतात, आणि कुणीतरी "संपला वाटतं" म्हणून उठतं. सिनेमा संपलेला नसतो. पुढं न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून त्यांना उठवतात आणि त्यातल्या एका पोराच्या गालावर चापट बसते. त्या अंधाराआधीचा सगळा खटला आणि ही एक चापट शेजारी ठेवली तरच सिनेमा पुरा होतो. अंधाराशी उठलेला माणूस "निकालच दाखवला नाही" असं म्हणतो, आणि त्याच्यापुरतं ते खरं असतं. टीव्हीच्या मागे भिंतीकडं तोंड करून पाच-सात वॉटचा बल्ब लावला तर डोळ्यांना ताण पडत नाही आणि काचेत काही दिसतही नाही.

'फँड्री'चं दुखणं निराळं. त्यातल्या जब्या या पोरानं शेवटी भिरकावलेला दगड थेट आपल्याकडं येतो आणि पडदा काळा होतो. त्यानंतरचा अर्धा मिनिट बघणाऱ्याचा असतो. तेवढ्यात ॲप चित्र कोपऱ्यात ढकलतं आणि पुढच्या सिनेमाची झलक वाजवायला लागतं. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोप्ले' कायमचं बंद करावं, आणि शेवटची श्रेयनावं बारीक झालीच तर रिमोटनं त्यांच्यावर जाऊन ओके दाबावं, ती परत मोठी होतात.

मालेगावचा उल्लेख केल्याशिवाय इकडच्या सिनेमावेडाबद्दल लिहिणं अपुरं राहील. जिल्हा नाशिक असला तरी धुळ्याहून तासाभराच्या आत मालेगाव येतं. तिथल्या नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी गावातल्याच माणसांना घेऊन, हिरव्या कापडापुढं उडवून सुपरमॅनचा सिनेमा केला. त्याच्यावरचा फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट तासाभराचा आहे, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये आला. दोन लागोपाठच्या रात्री दोन्ही पाहावेत, माहितीपट आधी. चित्रपटात मैत्रीतली तेढ नीट उलगडते. पण शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघणाऱ्या यंत्रमाग कामगारांचं गाव, त्यांचं बोलणं, त्यांचे चेहरे माहितीपटातच आहेत. आधी चित्रपट पाहिला तर माहितीपट त्याचीच गरीब नक्कल वाटतो, आणि तो त्याच्यावर मोठा अन्याय आहे. बोली ओळखणारा कान आपल्याला आहे, तो मत देताना वापरावा. पश्चिमेला अहिराणी, रावेर-यावलकडं लेवा गणबोली रोज कानावर पडणाऱ्या माणसाला पडद्यावरचं गावरान बोलणं खरं की बेतलेलं हे दोन वाक्यांत कळतं. "भाषा छान होती" एवढ्यावर सोडू नये. कुठल्या पात्राची, कुठल्या शब्दाशी घसरली, ते सांगावं.

दाक्षिणात्य सिनेमे डब केलेले पाहावेत की मूळ भाषेत, हा वाद घरोघरी आहे. ज्यांना सबटायटल्सची पळती अक्षरं वाचवत नाहीत त्यांच्यासाठी डबिंग लावणं योग्यच. पण डब करताना संवादांसोबत खोलीतला बारीक आवाजही पुष्कळदा मरतो, आणि काही सिनेमे त्या बारीक आवाजांवरच उभे असतात. २०२१ चा मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' तसा आहे. चिरणं, वाटणं, तळणं, भांडी, गळणारं सिंक. नवऱ्याला किंवा बायकोला नावसुद्धा नाही. तेच तेच काम दिवसामागून दिवस दाखवलंय, आणि त्या पुनरुक्तीचा थकवा बघणाऱ्याच्या अंगात उतरावा म्हणूनच दाखवलंय. मूळ भाषेत, अक्षरांसह पाहिला तर तो उतरतो.

आणि हा सिनेमा आपल्याकडं रात्री साडेआठला लावला जातो, तेव्हा आतल्या ओट्याशी कुणीतरी कळण्याच्या भाकरी थापत उभं असतं. टीव्हीतल्या भांड्यांच्या आवाजात आतल्या भांड्यांचा आवाज मिसळतो. तिला सिनेमा तुकड्यांत मिळतो, ताट वाढायला आली तेव्हा दोन मिनिटं, पाणी द्यायला आली तेव्हा एक. शेवटी मत मात्र सोफ्यावरचे देतात. ते मला सोसत नाही. सिनेमा लावायची वेळ जेवणं, भांडी, ओटा आवरल्यानंतरची ठरवावी, आणि ते आवरायला सगळ्यांनी हात लावला तर नऊचा सिनेमा नऊलाच लागतो. निदान या एका सिनेमाबद्दल पहिलं मत तिचं घ्यावं.

मत देताना घाई नको, एक रात्र जाऊ द्यावी. 'भारी', 'बकवास', 'स्लो आहे' या तीन शब्दांनी समोरच्याला काहीच कळत नाही. सिनेमा कुठल्या भाषेत पाहिला, टीव्हीवर की फोनवर, एका बैठकीत की तीन, हे एका ओळीत सांगावं. मग एक प्रसंग धरावा. 'फँड्री'बद्दल लिहायचं तर डुकरामागं धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थबकतं, तो प्रसंग घ्या: डुक्कर निसटू पाहतंय आणि ही माणसं ताठ उभी. तिथं कुणाला हसू आलं, कुणाचा हात थांबला, ते लिहा. नावडलं असेल तर तेही असंच एका जागेवर बोट ठेवून. असं मत वाचून दुसऱ्याला सिनेमा पाहावासा वाटतो, किंवा आपल्याला तो झेपणार नाही हे आधीच कळतं, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच.

सकाळी चहाच्या वेळी कुणी विचारेल, "पिच्चर कसा वाटना?" त्या प्रश्नाला घाईघाईत "मस्त व्हता" म्हणू नका. कप खाली ठेवा आणि एक प्रसंग सांगा.